पांढऱ्यावर पांढरं वाचताना

टंगमर्गला गाडी थांबली की मराठी पर्यटकांची पलटण दुकानांत शिरते. गुलमर्ग अजून तेरा किलोमीटर वर असतं आणि वर बर्फ आहे हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, घोट्यापर्यंतचे ओव्हरकोट, हातमोजे, कानटोप्या असं सगळं भाड्याने घेतलं जातं. बूट घालून चार पावलं चालून पाहिलं जातं, कोटाच्या बाह्या ताणून पाहिल्या जातात, भावावरून घासाघीस होते. डोळ्यांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही, कारण गॉगल घरून आणलेलाच असतो: गोव्याच्या सहलीत घेतलेला, कुणाच्या तरी वरातीत मिरवलेला, आता शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी लटकणारा. डोळ्यांवर चढवायच्या कुठल्याही काळ्या चष्म्याला मराठीत गॉगलच म्हणतात. त्यामुळे ‘गॉगल घेतलाय ना?’ असं गाइडने विचारलं की सगळी गाडी एका सुरात ‘हो’ म्हणते.

स्कीइंगचा गॉगल ही वेगळी चीज आहे. तो नाकावर टेकत नाही, कानांवर बसत नाही. कपाळापासून गालांपर्यंत फोमच्या गादीने चेहऱ्याला चिकटतो, हेल्मेटवरून जाणाऱ्या रुंद पट्ट्याने जागेवर राहतो आणि त्याच्या पुढ्यात एकामागे एक अशा दोन काचा असतात. काच म्हणायचं ते सवयीने. बाहेरची बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेट या चिवट प्लास्टिकची असते. वेगात लागणारं वारं, उडणारे बर्फाचे कण, देवदाराची आडवी आलेली फांदी आणि आकाशातून व जमिनीवरून एकदम येणारा उजेड या सगळ्यांना एकाच वेळी तोंड देण्यासाठी तो बनवलेला असतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या गॉगलशी त्याचं साम्य नावापुरतंच.

ही प्रस्तावना त्या दुसऱ्या गॉगलच्या निवडीविषयी आहे. भारतात हा प्रश्न तसा नवा नाही. गुलमर्गला ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ काढला तो १९२७ साली. स्वातंत्र्यानंतर तिथेच लष्कराची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल उभी राहिली, पुढे स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी सरकारी संस्था आली. उत्तराखंडात औली, हिमाचलात सोलंग आणि नारकंडा इथले उतार लोकांना ठाऊक झाले. २०२० पासून गुलमर्गला ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा होऊ लागल्या. या उतारांवर स्की शिकायला जाणाऱ्यांत पुण्या-मुंबईची, नाशिकची, कोल्हापूरची मुलंमुली असतात. सह्याद्रीत किल्ले चढून झाले की अनेकांना हिमालय खुणावतो. शिवाय झुरिक, म्युनिक, डेन्व्हर किंवा टोरंटोत स्थिरावलेली मराठी कुटुंबं आहेत. त्यांची पोरं शाळेतूनच स्की शिकतात आणि आईवडील चाळिशीत पहिल्यांदा घसरतात.

यांतला प्रत्येक जण कधी ना कधी दुकानात उभा राहतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो काचेच्या रंगाचा. आरशासारखी निळी चांगली की सोनेरी? गडद घ्यावी की फिकी? प्रश्न चुकीचा नाही, पण पहिला नाही. चेहऱ्यावर नीट न बसलेला गॉगल आधी टोचतो, मग त्याच्या फटीतून वारं शिरतं, मग काचेवर वाफ धरते आणि शेवटी वैतागून माणूस तो कपाळावर चढवतो किंवा काढूनच टाकतो. काच कितीही महागाची असली तरी कपाळावरून काही दाखवत नाही. आराम आणि दृष्टी हे दोन वेगळे निकष असल्यासारखं जाहिरातींत लिहिलेलं असतं; प्रत्यक्ष उतारावर पहिल्याशिवाय दुसरं टिकत नाही.

हे कळायला आधी बर्फावरचा उजेड कळावा लागतो.

सपाटीवर राहणाऱ्या माणसाला ऊन वरून येतं एवढंच माहीत असतं. म्हणून तो टोपी घालतो, छत्री धरतो, झाडाखाली उभा राहतो. बर्फावर ऊन खालूनही येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के परत फेकते, समुद्राचा फेस २५ टक्के, आणि ताजं बर्फ तब्बल ८० टक्क्यांपर्यंत. त्यात उंचीची भर पडते. दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि तिथली गोंडोला, म्हणजे रोपवे, अफरवट शिखराच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या आसपास नेऊन सोडते. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या माणसाने या उंचीवरच्या बर्फात उभं राहायचं म्हणजे वरून येणारे किरण ढोबळमानाने चाळीस टक्क्यांनी वाढलेले, आणि खालून त्यांचा बहुतेक हिस्सा पुन्हा अंगावर. टोपीच्या झापेचा इथे फारसा उपयोग नाही.

अतिनील किरणांनी त्वचा जळते तसाच डोळ्याचा दर्शनी पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्नियाही जळतो. याला हिमांधत्व म्हणतात. त्याची खोड अशी की ते जागच्या जागी कळत नाही. दिवसभर माणूस मजेत घसरतो, फोटो काढतो, आणि काही तासांनी, बहुधा रात्री हॉटेलवर गेल्यावर, डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखं होतं. पाणी थांबत नाही, दिवा सोसत नाही, पापणी उघडवत नाही. एक-दोन दिवसांत सहसा बरं वाटतं, पण तोवर सहल संपलेली असते. मुलांच्या डोळ्यांतलं भिंग मोठ्यांपेक्षा जास्त अतिनील किरण आत जाऊ देतं, तेव्हा स्लेजवर बसवलेल्या पोराला खेळण्यातला चष्मा लावून भागत नाही.

हे दुखणं माणसाला फार जुनं ठाऊक आहे. ख्रिस्तपूर्व ४०१च्या हिवाळ्यात ग्रीक सैन्याची एक तुकडी आर्मेनियाच्या डोंगरांतून माघारी निघाली होती. तिच्याबरोबर असलेल्या झेनोफनने लिहून ठेवलंय की बर्फाने सैनिकांची दृष्टी गेली आणि डोळ्यांपुढे काहीतरी काळं धरून चालणाऱ्यांचा त्यापासून बचाव झाला. आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांनी तर यावर अचूक तोडगा काढला होता. लाकूड, हाड, कॅरिबूचं शिंग किंवा वॉलरसचा सुळा कोरून ते चेहऱ्याच्या मापाचा गॉगल करत आणि त्यात आडवी, अगदी बारीक चीर ठेवत. उजेड चिरेपुरताच आत येई. चीर अरुंद असल्याने दूरचं थोडं रेखीवही दिसे. आतली बाजू काजळीने काळी केली की चकाकीही मरे. काच नव्हतीच, त्यामुळे ती धुरकट व्हायचा प्रश्न नव्हता. त्या कारागिराने गॉगल कोरायला घेतला तो ज्याचा त्याच्या नाकाच्या मापाने, ही गोष्ट आजच्या दुकानात विसरली जाते.

गॉगल असूनही घात कसा होतो याचं उदाहरण एव्हरेस्टवर आहे. ४ जून १९२४ रोजी गिर्यारोहक एडवर्ड नॉर्टन कृत्रिम प्राणवायूशिवाय ८,५७० मीटरच्या वर पोचले. त्या दिवशी वाट बरीचशी खडकाळ होती आणि पावलं टाकताना गॉगल आड येत होता, म्हणून त्यांनी तो काढून ठेवला होता. त्याच रात्री त्यांना दिसेनासं झालं आणि सुमारे अडीच दिवस ते आंधळ्यासारखे तंबूत पडून राहिले. त्याच काळात त्यांचे मोहिमेतले सोबती मॅलरी आणि आयर्विन शिखराकडे निघून गेले आणि परतले नाहीत. पंचाहत्तर वर्षांनी, मे १९९९ मध्ये, मॅलरी यांचा देह सापडला तेव्हा त्यांचा गॉगल खिशात होता. उन्हं कलल्यावर, अंधारात ते उतरत असावेत असा तर्क त्यावरून अभ्यासकांनी बांधला. एकाच मोहिमेतले हे दोन गॉगल. नॉर्टन यांचा तर केवळ गैरसोयीपायी डोळ्यांवरून उतरला होता.

आपल्याकडे सियाचिनवरच्या सैनिकांसाठी स्नो गॉगल ही बूट आणि झोपण्याच्या पिशवीइतकीच आवश्यक वस्तू आहे. २०२० साली संसदेत मांडलेल्या अहवालात नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी उंचावरच्या तुकड्यांकडे असलेल्या साधनांच्या तुटीवर बोट ठेवलं, त्यात बुटांबरोबर या गॉगलचाही उल्लेख होता. सहलीला गेलेल्या माणसाला जी वस्तू चैनीची वाटते, तिची नोंद तिथे शिध्याच्या शेजारी होते.

जास्त उजेडाची गोष्ट ही अशी. पण स्की करणाऱ्याला विचारलं तर तो जास्त घाबरतो ते कमी उजेडाला.

ढग खाली उतरले, बर्फ भुरभुरू लागलं की उजेड सगळीकडून सारखाच येतो. कशाचीच सावली पडत नाही. उतारावरचा उंचवटा, खड्डा, आधीच्या स्कीने पाडलेली चाकोरी, वाऱ्याने रचलेली कडा हे सगळं तिथेच असतं, पण दिसत नाही, कारण डोळा उंचसखलपणा ओळखतो तो सावलीवरून. स्की करणारे याला ‘फ्लॅट लाइट’ म्हणतात. क्रिकेट पाहणाऱ्याला हे चटकन समजेल. लाल चेंडूच्या सामन्यात साइटस्क्रीन पांढरा असतो, पांढऱ्या चेंडूच्या सामन्यात काळा. पांढऱ्या साइटस्क्रीनसमोरून पांढरा चेंडू टाकला तर कसलेला फलंदाजही भांबावेल. फ्लॅट लाइटमध्ये स्की करणाऱ्याची तीच गत होते, फक्त इथे चेंडू जागेवर असतो आणि फलंदाजच ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने त्याच्याकडे धावत असतो.

२०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून एकच खेळाडू उतरला, गुलमर्गचा आरिफ खान. १३ फेब्रुवारीला पुरुषांची जायंट स्लालम, म्हणजे रोवलेल्या फाटकांमधून वळणं घेत उतरायची शर्यत होती. स्पर्धेचा उतार एरवी यंत्राने बनवलेल्या कृत्रिम बर्फाचा, पण नेमकं त्या दिवशी आकाशातलं बर्फ दाट पडत होतं आणि पुढचं फाटक दिसायची मारामार होती. दुसरी फेरी लांबवावी लागली. नावाजलेल्या देशांचे कितीतरी स्पर्धक घसरून किंवा वाट चुकून बाद झाले. आरिफने दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या आणि पंचेचाळिसावा क्रमांक मिळवला. त्यात पायांचं कसब मोठं होतंच. पण अशा दिवशी कुठली काच लावायची हा निर्णय प्रत्येक स्पर्धकाला सुरुवातीच्या रेषेवर उभं राहण्यापूर्वी घ्यावा लागला असणार.

काचेच्या रंगाचं काम इथे सुरू होतं. काचेतून किती टक्के दृश्य उजेड आत येतो यावर तिची प्रत ठरते आणि ती गॉगलवर एस-० ते एस-४ अशी लिहिलेली असते. एस-० मधून ८० टक्क्यांहून जास्त उजेड येतो. ती रात्रीच्या दिव्यांत स्की करणाऱ्यांसाठी. एस-१ मधून ४३ ते ८० टक्के, म्हणजे ढगाळ आणि बर्फ पडत असलेल्या दिवसासाठी. एस-२ ची मर्यादा १८ ते ४३ टक्के. ऊन-ढगांच्या लपंडावात हीच उपयोगी पडते आणि एकच काच घ्यायची झाली तर बरेच जण हिच्यावर येऊन थांबतात. एस-३ मधून ८ ते १८ टक्केच उजेड शिरतो. स्वच्छ निळ्या आकाशाखालच्या उन्हाची ती सोय. एस-४ मधून ३ ते ८ टक्के. ती उंच हिमनद्यांवर चालणाऱ्यांसाठी, आणि ती लावून गाडी चालवू नये अशी सूचना बरोबर असते. गॉगलच्या चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १८५२७-१ हे २०२१ साली आलं. त्याआधी युरोपात ईएन १७४ चालत होतं. फ्रेमवर किंवा खोक्यावर यांपैकी काहीच छापलेलं नसेल तर तो गॉगल किती उजेड अडवतो हे दुकानदारालाही ठाऊक नसतं.

गडदपणा आणि रंग या गोष्टी वेगळ्या, आणि अतिनील किरणांपासूनचं संरक्षण ही तिसरी. पॉलिकार्बोनेट बिनरंगी असलं तरी अतिनील किरण जवळजवळ सगळेच अडवतं. उलट फुटपाथवरचा काळाकुट्ट चष्मा ते न अडवता नुसता उजेड कमी करू शकतो. अंधार वाटला की डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि मोठ्या दारातून किरण जास्त शिरतात.

पिवळी, गुलाबी, तांबूस काच ढगाळ दिवशी का चालते, याचं उत्तर निळ्या रंगात आहे. आकाशातला विखुरलेला उजेड निळसर असतो आणि बर्फावरच्या पुसट सावल्यांत तोच भरलेला असतो. काचेने निळ्याला थोडं दाबलं की सावली गडद होते आणि उजळ भागापासून सुटून दिसते. नवे गॉगल याच्या पुढे जाऊन नेमक्या कुठल्या तरंगलांब्या दाबायच्या हे ठरवून काचेत रंगद्रव्यं घालतात. प्रत्येक कंपनीने त्याला आपापलं नाव दिलंय. पण मुळात सावलीच नसेल तर कुठलीही काच ती निर्माण करत नाही. दाट धुक्यात झाडांच्या कडेकडेने जाणं, वेग कमी करणं हेच अनुभवी लोक करतात. झाडाचा काळा बुंधा कुठल्याही काचेपेक्षा जास्त दाखवतो.

उजेड जास्त असो की कमी, तिसरा शत्रू माणूस आपल्याबरोबरच घेऊन येतो: स्वतःची वाफ.

पावसात पुण्याच्या रस्त्यावर हेल्मेट घालून दुचाकी चालवणाऱ्याला याची ओळख करून द्यायला नको. सिग्नलला थांबलं की व्हायजर आतून पांढरा होतो, गाडी सुटली की साफ होतो. मग बहुतेक जण तो बोटभर उघडा ठेवून पाऊस तोंडावर घेतात. करोनाच्या काळात मास्कवर चष्मा लावणाऱ्या प्रत्येकाने हाच त्रास भोगला. चेहऱ्याजवळची हवा उबदार आणि दमट असते, काच थंड असते, आणि उबदार दमट हवा थंड पृष्ठभागाला लागली की तिच्यातलं पाणी बारीक थेंब होऊन बसतं. उतारावर बाहेर उणे दहा अंश असतात आणि आत घामेजलेला चेहरा. धावताना वारं खेळतं, उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत उभं राहिलं की वाफ धरते. शिकाऊ माणूस दर दोन मिनिटांनी पडतो, उठतो, धापा टाकतो, म्हणून वाफेचा जाच त्यालाच सगळ्यात जास्त.

यावरचा आजचा इलाज एका दातांच्या डॉक्टरने शोधला. अमेरिकेतले बॉब स्मिथ हे दात सरळ करण्याच्या शास्त्रातले तज्ज्ञ. त्यांना भुसभुशीत ताज्या बर्फात स्की करायचा नाद होता, आणि तशा बर्फात गॉगल हमखास धुरकट व्हायचा. १९६५ साली त्यांनी दोन काचा मध्ये हवेचा थर ठेवून सीलबंद जोडल्या आणि हवा खेळेल अशा फोमने त्या फ्रेमला बसवल्या. आतली काच बाहेरच्या थंडीपासून सुटली आणि चेहऱ्याच्या उबेजवळ राहिली, त्यामुळे तिच्यावर पाणी बसणं कमी झालं. सुरुवातीला हे गॉगल देऊन ते लिफ्टची तिकिटं मिळवत, असं सांगितलं जातं. त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीला आजही त्यांचंच नाव आहे, आणि आज कुठल्याही कंपनीचा बरा गॉगल उघडून पाहिला तर आत त्याच दोन काचा आणि तोच फोम सापडतो.

या दोन काचांना एक खोड आहे. त्यांच्यामधली हवा बंद असते. मुंबईत घेतलेली वेफर्सची पिशवी लेहला पोचेपर्यंत टम्म फुगते, कारण उंची वाढते तसा बाहेरचा दाब कमी होतो; चार हजार मीटरच्या आसपास तो समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्क्यांवर येतो. तीच हवा काचांमध्येही फुगते, काचा ताणतात आणि दृश्य किंचित वाकडं होतं. म्हणून काही गॉगलच्या काचेत एक सूक्ष्म सच्छिद्र बूच बसवलेलं असतं. त्यातून हवा जाते-येते, बाष्प सहसा शिरत नाही. उंच जाणाऱ्याने ते आहे का हे पाहून घ्यावं.

आतल्या काचेवर वाफरोधी लेप असतो. तो पाण्याचे थेंब होऊ देत नाही, पातळ पापुद्रा करून पसरवतो, आणि त्यातून आरपार दिसतं. हा लेप ओला असताना नाजूक असतो. गॉगलमध्ये बर्फ गेलं की माणूस सवयीने हातमोज्याच्या अंगठ्याने किंवा मफलरच्या टोकाने खसाखसा पुसतो, आणि त्या एका पुसण्यात लेप निघून जातो. त्यानंतर ती काच कायमची धुरकट राहते. बर्फ झटकावं, पाणी मऊ कापडाने टिपावं, उरलेलं वाऱ्याने वाळू द्यावं. रात्री हीटरवर वाळत घालू नये. आणि लिफ्टमध्ये बसल्यावर कपाळावर चढवू नये, कारण कपाळ हा चेहऱ्याचा सगळ्यात घामट भाग. तिथल्या उबेने फोम दमट होतो आणि गॉगल खाली ओढला की दोन मिनिटांत पांढरा पडदा. कपाळावर गॉगल लावून काढलेले फोटो रुबाबदार दिसतात; ते काढणाऱ्यांना उरलेला दिवस चाचपडत काढावा लागतो.

एवढं सगळं समजलं की फोमचं महत्त्व आपोआप लक्षात येतं. चांगल्या गॉगलच्या फोमला दोन-तीन थर असतात: बाहेरचा टणक, मधला हवा जाऊ देणारा, चेहऱ्याला लागणारा मखमली. पारख साधी आहे. पट्टा न लावता गॉगल नुसता हाताने चेहऱ्यावर टेकवायचा. कपाळ, कानशिलं, गाल सगळीकडे सारखाच स्पर्श व्हायला हवा; एकाच जागी दाबत असेल तर तासाभरात तिथेच ठणका लागतो. नाकाच्या दोन्ही बाजूंना उजेडाची रेघ दिसत असेल तर तिथून वारं येणार. नाकपुड्या चिमटल्या जात असतील तर माणूस तोंडाने श्वास घेणार, आणि गळपट्ट्यात कोंडलेला तो श्वास वर चढून थेट काचेवर येणार. नाकाचा पूल जरा बसका असलेल्यांसाठी त्या भागात जास्त फोम दिलेले गॉगल मिळतात. नाक कसं आहे हे जगाच्या पाठीवर कुठे जन्मलो यावरून नव्हे, आरशात पाहून ठरवायचं.

हेल्मेट घरी ठेवून गॉगल घ्यायला गेलेला माणूस अर्धीच खरेदी करून येतो. हेल्मेटची कड आणि गॉगलची वरची कड यांत बोटभर फट राहिली तर कपाळाची ती पट्टी थंडीने बधिर होते. उलट हेल्मेट गॉगलला खाली दाबत असेल तर सगळा भार नाकावर येतो. गॉगलच्या माथ्यावरच्या झरोक्यांतून दमट हवा वर निघून हेल्मेटच्या छिद्रांतून बाहेर जायला हवी. मध्ये लोकरीची टोपी ओढून घेतली की धुराडं बंद. पट्ट्याच्या आतल्या बाजूला सिलिकॉनची नागमोडी रेघ असते, ती हेल्मेटवरून पट्टा घसरू देत नाही. पट्टा करकचून आवळला की फोम चेपतो, त्यातली हवा जाते आणि वाफ पुन्हा हजर.

चष्मेवाल्यांचं दुखणं दुहेरी, कारण त्यांना धुरकट व्हायला चार काचा. त्यांच्यासाठी खोल फ्रेमचे गॉगल असतात आणि फोममध्ये चष्म्याच्या काड्यांपुरती खाच ठेवलेली असते. चष्म्याची फ्रेम लहान आणि हलकी असली तर त्यात बसते. नाटकातल्या प्राध्यापकासारखी जाड असली तर बसत नाही. गॉगलच्या आत नंबराच्या काचांची छोटी चौकट अडकवता येते. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांना सगळ्यात मोकळं दिसतं, पण उंचावरच्या कोरड्या हवेत लेन्स सुकतात. बॅटरीवर चालणारा इवलासा पंखा असलेले गॉगलही आहेत. ऐकून हसू येतं, चष्मेवाले मात्र हसत नाहीत.

काचेच्या आकाराबद्दल थोडक्यात सांगता येतं. एकाच दिशेने वाकलेली काच स्वस्त आणि सुटसुटीत. सगळ्या बाजूंनी फुगीर काच महाग, पण तिच्या कडेचं दृश्य कमी वाकतं आणि आत हवेला जागा जास्त असल्याने वाफही कमी धरते. खरी परीक्षा बाजूच्या नजरेची. मान न वळवता दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत पसरून बोटं हलवावीत; ती जितकी मागे नेल्यावरही दिसतात तितका गॉगल चांगला. उतारावर वाट ओलांडताना वरून कोण येतंय हे बाजूच्या नजरेलाच आधी कळतं. चुंबकाने झटकन बदलता येणाऱ्या काचा दिवसातून तीनदा हवा बदलणाऱ्या डोंगरात कामी येतात. उन्हात आपोआप गडद होणारी काच बदलाबदलीचा त्रास वाचवते, पण कडक थंडीत ती पुन्हा फिकी व्हायला वेळ घेते. उन्हातून अचानक झाडीत शिरल्यावर तेवढे क्षण अंधारात जातात. पोलराइज्ड काच चकाकी मारते आणि डोळ्यांना गार वाटते. मात्र उतारावरचा निसरडा टणक बर्फाचा पट्टा ओळखू येतो तो त्याच्या चकाकीवरूनच, म्हणून काही जण ती टाळतात.

पुढच्या पानांतली प्रकरणं या कारणाने जरा उलट्या क्रमाने लावली आहेत. सुरुवात चेहऱ्याच्या मापापासून आणि फोमपासून होते. त्यानंतर हेल्मेट, मग चष्मा, मग वाफ आणि निगा. उजेडाच्या प्रती आणि काचेचे रंग त्याही नंतर, आणि निळी आरसेदार काच सगळ्यात शेवटी. टंगमर्गला तासभर थांबणाऱ्या पर्यटकासाठी एक छोटं प्रकरण आहे. त्याला स्की करायची नसते, गोंडोलाने वर जाऊन बर्फात दोन तास उभं राहायचं असतं, आणि त्याला फार महागाचं काही लागत नाही. दोन आठवडे शिकायला जाणाऱ्यासाठी वेगळं प्रकरण आहे, वाढत्या वयाच्या मुलांसाठी वेगळं.

दुकानात जाणाऱ्याने एवढं करावं. हेल्मेट डोक्यावर, चष्मा असेल तर तो डोळ्यांवर, गॉगल त्यावर, आणि दहा मिनिटं तसंच फिरावं. दुकानदाराशी बोलावं, वाकून बुटाची नाडी बांधावी, जिना असेल तर दोनदा चढून उतरावा. अकराव्या मिनिटाला नाकावर दाब जाणवत नसेल आणि काचेचे कोपरे स्वच्छ असतील, तर मग रंग कुठला हवा ते विचारायला हरकत नाही.